दुसऱ्याच्या छातीचा फोटो

"छाती में मशीन कब बैठवाई?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा शालिग्राम आधी हसलाच. बीरगांवच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारा हा माणूस, खोकला जाईना म्हणून आला होता. त्याच्या अंगाला आजवर कधी कात्री लागली नव्हती. डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला. छातीवर टाक्याची खूण नाही. पडद्यावरच्या एक्स-रेत मात्र डाव्या खांद्याखाली पेसमेकर लख्ख दिसत होता, वायरीसकट.

डॉक्टरांनी संगणक विभागात फोन लावला. "स्वरदा, वर ये. आत्ताच्या आत्ता."

स्वरदाने पडदा पाहिला आणि तिचं डोकं सणकलं. काय झालंय ते तिला बघताक्षणी कळलं, कारण हे असंच होणार हे तिने आधी ओरडून सांगितलं होतं.

या दवाखान्याची रायपुरात दोन जुनी केंद्रं होती, एक पुरानी बस्तीत आणि एक पंडरीत. दोन्ही बंद करून रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत मोठी इमारत उभी राहिली आणि दोन्हीकडचे एक्स-रे एका नव्या सर्व्हरवर आणायचं ठरलं. पण दोन्ही केंद्रांनी फाइलींना आकडे एकपासूनच दिले होते, म्हणजे एकाच आकड्याच्या दोन-दोन फाइली. स्वरदाचं म्हणणं एवढंच होतं, की पंडरीच्या फाइलींना आधी वेगळी खूण लावू, मग हलवू, आणि हलवल्यावर नावं उघडून ताडून पाहू. व्यवस्थापक चारुदत्त उखडले होते. "मंत्री येऊन राहिले उद्घाटनाला आन् तू काय खूण-खूण लावली?" मग बाहेरच्या कंपनीकडून त्यांनी सगळा माल एका रविवारी ओतून घेतला. आता पंडरीच्या पेशंटचं नाव उघडलं, की त्याच आकड्याचा पुरानी बस्तीतला भलताच माणूस पडद्यावर येत होता. शालिग्रामचा फोटोही पंडरीतच काढलेला होता.

सर्व्हरने दुबार समजून बाजूला टाकलेल्या ढिगातून तिने शालिग्रामची खरी फाइल तिथेच बसून काढली. डॉक्टर ती बघत राहिले. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं. "याले आजच भरती करा," ते नर्सला म्हणाले.

"काय हे, मॅडम?" शालिग्रामने विचारलं.

"फोटो बदलला होता, भैया. गलती आमची आहे."

"हव," तो म्हणाला आणि शर्टाच्या गुंड्या लावू लागला. त्या दुसऱ्या माणसाचं फुप्फुस साफ होतं. त्याच्या छातीत पेसमेकर नसता, तर शालिग्रामला खोकल्याचं औषध देऊन घरी धाडलं असतं. स्वरदा तडक जिना उतरून गेली.

चारुदत्त खाली सभागृहात मंचावरच्या खुर्च्या सरळ करून घेत होते. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं.

"गुपचूप दुरुस्त करून टाक," सगळं ऐकून ते म्हणाले. "लिंकाच तर बदलायच्या आहेत."

"आन् ज्यायले रिपोर्ट देऊन झाले, त्यायचं काय?"

"बोलावून घेऊ हळूहळू. रुटीन तपासणी म्हणून सांगायचं."

"रुटीन?" तिचा आवाज एवढा चढला की खुर्च्या लावणारे थांबले. "माणसं मरतील सर! मी एक्स-रे बंद करून राहिली. पूर्ण."

"मंत्र्यायले पडद्यावर काय दाखवू मग?"

"कोरा पडदा दाखवा!"

तिने संगणक विभागात जाऊन सगळ्या पडद्यांवर एक्स-रे दिसणं खरोखर बंद केलं. नोकरी गेली तर गेली. मग पंडरीच्या ज्या-ज्या पेशंटच्या हाती रिपोर्ट पडला होता, त्यांना ती फोन लावत सुटली. पंडरीच्या कापड बाजारात ब्लाऊज शिवणाऱ्या शांताबाईंना फुप्फुसात मोठी गाठ असल्याचं सांगितलं गेलं होतं. ढिगातून काढलेला त्यांचा खरा फोटो डॉक्टरांनी पाहिला, तर गाठीचा पत्ता नव्हता.

स्वरदाला वाटलं, निदान हा एक फोन तरी सुखाचा होईल.

तिने फोटो बदलल्याचं आणि गाठ नसल्याचं सांगितलं. मग शांताबाई बोलल्या, "माझी लता भिलाईची शाळेची नोकरी सोडून आली. माय मरून राहिली म्हणून. मी दुकानाची मशीन विकायले काढली. रोज रात्री पोट्टी माझ्या उशाशी बसून रडते. आन् तू म्हणते फोटो बदलला?"

"मावशी, मले माफ—"

"माफी नको मले. कोणी केलं हे? नाव सांग."

 स्वरदाने चारुदत्तांचं पूर्ण नाव सांगितलं, आणि उद्या सकाळी ते कुठे सापडतील तेही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आत शांताबाई मंचाच्या पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. शेजारी लता. "आई, रहने दो ना," ती सारखी म्हणत होती.

"काहून रहने देऊ?"

चारुदत्त लगबगीने आले. "बाई, आत बसून बोलू. चहा घ्या."

"इथंच बोल. मले मारून टाकलं होतं तुम्ही, आता जिवंत केलं तर कोपऱ्यात काहून नेता?"

फुलवाले, बँडवाले, डॉक्टर, सगळे बघत होते. चारुदत्तांनी आधी कंपनीचं नाव घेतलं, मग सर्व्हरचं, मग दारात उभ्या स्वरदाकडे बोट केलं. स्वरदा पुढे आली. "मी तुमाले नको म्हटलं होतं सर. सगळ्यांसमोर सांगा, म्हटलं होतं का नाही?"

"म्हटलं होतं," चारुदत्त खाली बघत पुटपुटले.

"जोरात," शांताबाई म्हणाल्या.

त्यांना ते जोरात म्हणावं लागलं. लताला परत घ्या, हे सांगायला शांताबाईंनी त्यांना भिलाईच्या शाळेलाही तिथूनच फोन करायला लावला. लताच्या जागी दुसरी बाई घेतली होती. पुढच्या सत्रात बघू, असं उत्तर आलं. शांताबाईंनी ते ऐकलं, लताचा हात धरला आणि कोणाकडेही न बघता निघून गेल्या.

उद्घाटन झालं. एक्स-रेचा पडदा कापडाने झाकलेला होता. संध्याकाळी स्वरदाच्या टेबलावर शिस्तभंगाची नोटीस आली. तिने ती वाचून बाजूला सारली आणि पंडरीचा पुढचा नंबर फिरवला. पलीकडचा माणूस शिव्या देऊ लागला. ती ऐकत राहिली, आणि त्याचं बोलून झाल्यावर तिने त्याला खरा फोटो न्यायला कधी यायचं ते सांगितलं.