गेटबाईचं सासर

आधी वासुदेव सरांचा आवाज यायचा, मागून सर. नाचणगावातल्या आमच्या गल्लीला सकाळी घड्याळ लागत नसे. सर अंगणात उभे राहून ‘गेट अप!’ म्हणाले की शिकवणीची पोरंच काय, चार घरं सोडून झोपलेले म्हातारेही पांघरूण बाजूला सारत. त्याच सरांच्या घरातून उन्हाळ्यापासून आवाज नव्हता.

झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, “आवाज शाबूत आहे. पण तोंड त्यांनी स्वतः होऊन उघडलं पाहिजे. जबरदस्तीनं शब्द येत नसतो.” सरांनी एकदा उघडलंही. पाणी हवं होतं, तोंडातून ‘खुर्ची’ निघालं. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. वाईट मनानं नाही, पण हसलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारलेल्या त्या माणसानं त्याच दिवशी ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं.

सरांच्या बायकोचं, सुलोचनाकाकूंचं, मागणं मोठं नव्हतं. सरांनी एक शब्द बोलावा, कोणताही.

“शिवी देली तरी चालते वं मोहिनी,” त्या मला म्हणायच्या, “पण घरात माणसाचा आवाज पायजे.”

मी त्यांच्या शेजारची. आज पुलगावच्या बँकेत नोकरी करते, आणि माझ्या तोंडात जे काही इंग्रजी आहे ते सगळं सरांच्या ओसरीवरचं.

त्या ओसरीवर व्याकरण शिकवलं जात नसे, पोर नांदवली जाई. काकूंचं माहेर जाम गावचं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी भाद्रपदात त्यांनी ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभारला, त्यात भुलाबाईची मूर्ती मांडली, गाण्यांना गल्लीतल्या पोरी जमवल्या. गाणी सरल्यावर झाकलेला डबा कानाशी खुळखुळवून विचारलं, ओळखा, खिरापत काय? सर दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तोच डबा घेऊन ते शिकवणीला बसले.

म्हणाले, “‘गेट’ ही पोर. एकटी असली की हिचा स्वभाव कोणाले समजत नाही. सासरी गेली की समजतो. अपच्या घरी देली तर उठते. आउटच्या घरी देली तर निघते. बॅकच्या घरी देली तर परत येते. अन् ओव्हरच्या घरी गेली तर मोठं दुखणं मागं टाकून उभी राहते. पोर तीच. घर बदललं की वागणं बदललं.”

मग ते डबा हलवायचे, ‘गेट...’ म्हणून थांबायचे, नुसती एक गोष्ट सांगायचे, आणि आम्ही ओरडून घर ओळखायचो. एकाच शब्दाचे एवढे अर्थ कसे, अशी कुरकुर मी एकदा केली होती. सर म्हणाले, “काऊन? तू काल रुसून बसली, परवा चप्पल हरवून बसली. यातल्या कोणत्या बसण्याले सतरंजी लागली?”

घरं पाठ व्हावीत म्हणून एक गाणंही होतं. चाल काकूंची, आणि शब्दही त्यांचेच:

गेटबाई गेली अपच्या घरी,
कोंबड्याआधी उठली।
गेटबाई गेली आउटच्या घरी,
चप्पल घालून सुटली।
गेटबाई गेली बॅकच्या घरी,
दारात हसत भेटली॥

अशी कितीतरी घरं. काकूंना सगळी पाठ होती. मी अडखळले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून, भाकरी थापता थापता, हळूच ‘बॅक, बॅक’ यायचं. सर ऐकू न आल्यासारखं करायचे.

यंदा काकूंनी भुलाबाई ओसरीवर मांडली नाही. सरांच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी मांडली. पोरींना निरोप गेला, मलाही गेला. दहावीतली समीक्षा त्या सगळ्यांची पुढारी. दिवेलागणीला खोली भरली. सर भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकूंनी टाळी धरली आणि गोड, संथ आवाजात उचललं:

गेटबाई गेली आउटच्या घरी,
आत येऊन बसली॥

पोरी फिसकन हसल्या.

“आजी!” समीक्षा म्हणाली, “आउट म्हणजे बाहेर. बालवाडीतलं पोट्टं बी सांगीन!”

“हाव का? मले तर आतच वाटलं.”

मी बोलायला तोंड उघडलं, तर काकूंनी माझं मनगट दाबलं. मी खाटेकडे पाहिलं. सरांची पाठ तशीच होती. पायाचा अंगठा तेवढा ताठ झाला होता.

दुसऱ्या संध्याकाळी गेटबाई अपच्या घरी गोधडी ओढून निजली. तिसऱ्या संध्याकाळी बॅकच्या घरी गेली ती कायमची हरवली. काकूंच्या चुका ऐकताना मला रांगोळी घालणारी बाई आठवायची, जी एक ठिपका मुद्दाम सोडते आणि पाहणाऱ्याचा हात आपोआप तिथं जाईल म्हणून वाट पाहते. इतक्या जपून, इतक्या मायेनं कुणाला चुकताना मी पाहिलेलं नाही. पण खाटेवरून हात येत नव्हता.

गल्लीत मात्र गोष्ट पसरली. नळावर बाया म्हणू लागल्या, सरांच्या बायकोले आत अन् बाहेर समजत नाही, मग सरांनी जन्मभर शिकवलं काय? मला राहवलं नाही.

“काकू, लोक हसून राह्यले ना तुम्हाले.”

काकू कापसाच्या वाती वळत होत्या. वात वळतच म्हणाल्या, “हसू दे. त्यायच्यावर हसले, ते मले सोसलं नाई. माह्यावर हसले तर मले काई होत नाई.” मग खोलीकडे मान करून हळू आवाजात, “अन् हे पाह्य, देवाच्या नावानं नाई उठत, दवाईनं नाई उठत. चुकीचं इंग्रजी मात्र या माणसानं कधी ऐकून घेतलं नाई.”

“अन् नाईच उठले तर?”

काकूंनी वळलेली वात बाजूला ठेवली. “तर मी जन्मभर चुकत राहीन,” त्या म्हणाल्या.

कोजागिरीला भुलाबाईचा शेवटचा दिवस. दूध चुलीवर आटत होतं, अंगणात चांदणं उतरायला लागलं होतं. पोरींना आता काकूंच्या चुकांची सवय झाली होती. त्यांना हसूही येईना. उलट ते उलटं गाणंच त्यांना आवडायला लागलं होतं. काकूंनी ‘आउटच्या घरी’ म्हणायचा अवकाश, सगळ्यांनी एका सुरात टाळी घेतली: ‘आत येऊन बसली!’ सगळ्यांत धाकटी मेघा, यंदाच शाळेत जायला लागलेली, ती तर डोळे मिटून, मनापासून, देवाचं म्हणावं तसं म्हणत होती. तिला बिचारीला तेच खरं वाटत होतं.

खाट करकरली.

सर कोपरावर उठत होते. चेहरा लाल झालेला, डोळे मेघावर. ओठ जुळत होते, सुटत होते. पोरींचं गाणं जागच्या जागी थांबलं.

“इ...” सर म्हणाले. “इन.”

काकूंनी खिरापतीचा डबा मांडीवर घेतला. आवाज त्यांनी तसाच संथ ठेवला.

“काय म्हणता? मले नाई समजलं. गेटबाई आत आली तर घर कोणतं?”

“इन!” सर कडाडले. आवाज फाटका होता, पण त्यातला राग जुना, आमच्या ओळखीचा, जसाच्या तसा होता. “गेट... इन!”

मेघानं लगेच दुरुस्त करून म्हटलं, “इनच्या घरी, आत येऊन बसली.” सरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. तिचा पेपर तपासून झाला होता.

मग त्यांनी डावा हात पुढे केला. काकूंनी डबा दिला. सरांनी तो कानाशी नेऊन खुळखुळवला आणि काकूंकडे पाहिलं. “गेट...” म्हणाले, आणि पुढचं सापडेना म्हणून स्वतःच्या लुळ्या हाताकडे, खाटेकडे, औषधाच्या बाटल्यांकडे मान केली आणि ते सगळं मागं टाकल्यासारखा डबा हवेतून पलीकडे नेला.

ओव्हर. मला कळलं, समीक्षालाही कळलं. पण प्रश्न आम्हाला नव्हता. आम्ही काकूंकडे पाहत होतो. आता त्यांना बरोबर उत्तर द्यायला कुणाची हरकत नव्हती.

“मले काय विचारता?” काकू म्हणाल्या. “मी अडाणी. गेली असन ओव्हरच्या घरी, अन् बसली असन रडत.”

सर त्यांच्याकडे पाहत राहिले. खिडकीतून इतकी वर्षं येणारं ‘बॅक, बॅक’ त्यांनी ऐकलेलं होतंच. तोंडाचा डावा कोपरा हळूहळू वर गेला.

“खो...” ते म्हणाले. पोरी पुढे झुकल्या. “खो... टारडी.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या.

“ऐकलं का वं मोहिनी?” त्या म्हणाल्या. “शिवी देली मले.”

आणि उतू चाललेलं दूध उतरवायला त्या आत धावल्या. मागं सर डबा खुळखुळवत होते, आणि पोरी एकीवर एक ओरडत होत्या: फुटाणे! शेंगदाणे! लाह्या!