साफ न केलेली टेप

"बाई, माउस उचलायचा नाही, सरकवायचा," प्रशिक्षिका पुन्हा म्हणाली आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"हसा," मागे न बघता टेपबाई म्हणाल्या. "तुमचे हात थरथरायला लागतील तेव्हा बघायला मी नसेन, एवढंच वाईट वाटतं."

टेपबाई हे विद्यार्थ्यांनी पाडलेलं नाव. इतिहासाच्या या प्राध्यापिकेने खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून उभा जन्म सूतगिरणीतल्या बायकांचे उंबरे झिजवले होते. गिरणीला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. ज्या वाचल्या, त्यांचं बोलणं बाईंच्या टेपांवर होतं आणि टेपा विभागाच्या कपाटात. आता बाई निवृत्त होणार, कपाट रिकामं व्हायला हवं होतं. या कार्यशाळेत शिकवतात त्या साच्यात बसवून आजच्या आज जमा केलं तर डिजिटल संग्रहात जागा, नाहीतर सगळं भंगारात, असं विभागप्रमुखांनी बजावलं होतं. म्हणून बाई आल्या होत्या. हौस म्हणून नव्हे.

टेपा आधीच संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. सकाळी त्यांतल्या माणसांच्या नावांना एक रंग, गावांना दुसरा, अशा खुणा करायला शिकवलं. बाईंना ते चक्क आवडलं. दुपारी आवाज साफ करण्याची पाळी आली. खरखर, खोकला, रिकाम्या जागा यंत्र आपोआप काढून टाकतं म्हणे.

"ऐका आता. किती सुटसुटीत झालंय!" प्रशिक्षिकेने हेडफोन दिला.

टेप बाईंच्या थोरल्या बहिणीची होती. ताई गिरणीतून वाचली होती. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"ताई, कुलूप कोणी घातलं?" टेपवरच्या तरुण बाईंनी विचारलं.

"पाणी देऊ का तुला?" लगेच ताईचा आवाज.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई अशी टोलवाटोलवी करणारी नव्हतीच! ती गप्प झाली होती. कितीतरी वेळ. गिरणीचा मुकादम समोरच्याच घरात राहत होता आणि ताईची लेक त्याच्याच हाताखाली कामाला होती.

"अगं, मधलं कुठं गेलं?"

"मध्ये काहीच नव्हतं बाई. रिकामं होतं."

"माझी बहीण श्वास घेत होती तिथं! परत आण."

प्रशिक्षिका चपापली, पण तिने मुकाट्याने मूळ टेप लावून दिली. बाईंनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"नवी खूण करता येते का?"

"येते. पण ती नियमात नसेल तर नोंद नाकारतात."

"तू नुसतं दाखव."

बाईंनी खुणेला नाव दिलं 'गप्प' आणि रंग दिला काळा. मग एकेक टेप उघडत गेल्या. माउस हातातून निसटत होता, बाई त्याला शिव्या घालत होत्या, तरी काम थांबलं नाही. प्रत्येक टेपवर कुलपाचा प्रश्न आला की काळा पट्टा. बायका वेगळ्या, घरं वेगळी, गप्प बसण्याची जागा एकच.

दिवेलागणीला विभागप्रमुख आले. "अहो बाई, हे काय भलतंच? हे परत येणार."

"आलं तर पुन्हा पाठवीन. निवृत्त बाईला दुसरा उद्योग काय?"

"आणि टेपा?"

"पलंगावर टेपा ठेवीन, मी जमिनीवर झोपीन. भंगारवाल्याला दारात उभा करून तर बघा!"

बाईंनी ताईची टेप पुन्हा लावली आणि हेडफोनची वायर उपसली. कुलपाचा प्रश्न सगळ्या खोलीत ऐकू आला. मग नुसता पंखा, दूर कुठेतरी दार लागल्याचा आवाज आणि ताईचा श्वास. मागच्या रांगेतली चुळबुळ थांबली. विभागप्रमुखांनी टेप पुढे सरकवायला हात लांबवला. बाईंनी माउसवर दोन्ही तळवे दाबून धरले.

विभागप्रमुखांनी हात मागे घेतला.

"पाणी देऊ का तुला?" अखेर ताईने विचारलं.

"दे," टेपबाई म्हणाल्या आणि त्यांनी 'जमा करा'वर बोट दाबलं.