माळवदावरची माती

मृग तोंडावर आला की आमच्या माणसाला एकच खूळ लागतं. माळवदावर माती टाका! लोक पावसाळ्यासाठी दाणे भरतात, सरपण भरतात. हा घराच्या छतावर माती भरतो. गावाच्या पांढरीतून, जुन्या गावठाणातून, टोपल्या भरायच्या, शिडीनं वर न्यायच्या, चोपून बसवायच्या. टोपल्या कोणाच्या डोक्यावर? माझ्या. वीस वर्षं झाली. मान कामातून गेली माझी.

सासरे आधी जुनी माती खरवडून काढायचे, मंग नवी टाकायचे. याला तेवढा धीर न्हाई. त्यातून दुष्काळ सरला त्या साली, त्र्याहत्तरला, घर असं गळलं की भांडी पुरली न्हाईत. तवापासून दरसाल दुप्पट माती. जुनीवरच नवी.

यंदा लेक बेबीनंदा मंठ्याच्या सासरहून बाळंतपणाला आली. पोरगी झाली. बापानं तिची बाज छत पेलणाऱ्या मधल्या मोठ्या तुळईखाली टाकली. "इथं थेंब पडत न्हाई," म्हणे. बराबर होतं. सगळ्यात जास्त माती तिथंच होती.

परवा सकाळी भाकरी थापत होते, तर तुळई करकरली. बारीक माती लेकराच्या तोंडावर पडली. बेबीला अन् लेकराला शेजारच्या सोनूबाईच्या ओसरीत नेऊन बसवलं. हा बाहेरून आला, वर बघून म्हणतो, "चीर पडली वाटतं. अजून धा टोपल्या टाकू."

"टाका! अन् तिच्याखाली तुम्हीच झोपा!"

तुळईवरचं ओझं उतरवायला फावडं घेतलं अन् चढले वर. सोनूबाई खालून ओरडली, "अगं बाई, आभाळ भरून आलंय अन् घर उघडं करून राह्यली का? कडूबा, आवर की हिला!"

हा तणतणत शिडी चढला. मी कडेपासून खणत आल्ते. कापलेली माती समोर उभी होती, थरावर थर, माझ्या गुडघ्याइतकी. हा बघतच राह्यला. खाली बसला.

"मला तुळईचा आवाज यायचा," म्हणाला. "तीन वर्षं झाली. वाटायचं, माती कमी पडून राह्यली."

तीन वर्षं! अन् त्याच तुळईखाली लेक झोपवली! शिवी ओठावर आल्ती, पण शिवी द्यायलाबी दम लागतो. भरलेली टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली.

"उतरा. सावकाश. मधोमध पाय देऊ नका."

दोन दिवस त्यानं एकट्यानं माती उतरवली. तुळईला खालून टेकू लावला, बेबीला अन् लेकराला परत बाजेवर आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला अन् घर सगळीकडून गळलं. पातेली, तांब्या, घमेलं, सगळं मांडून झालं. बाजेवर थेंब पडायला लागला तसा हा लेकराच्या डोक्यावर तळहात धरून बसला. भरला की बाजूला ओतायचा, पुन्हा धरायचा.

"हात भरून येईल. द्या, मी धरते."

"न्हाई. तू पड जरा."

मी पडले, तुळईखालीच. खाली भांडी टपटप वाजत होती. वर तुळई गप होती.