फक्त पाहिलेलं

दादा आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. बाबांनी दार तोडलं तेव्हा गॅसचा गीझर चालू होता. डॉक्टरांनी लिहिलं, विषारी वायूने मृत्यू. तो अपघात की दादानं मुद्दाम केलं, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. ते बाबांनी ठरवलं: मुद्दामच. आदल्या रात्री त्याचं वहिनीशी भांडण झालं होतं, तेवढं त्यांना पुरलं. शेजाऱ्यांनाही ते तसंच सांगत सुटले. वहिनीनं उद्या माहेरी जायचं, ते कायमचं, हेही त्यांनीच ठरवलं.

माझा संशय गीझरवर होता. रसायनशास्त्र शिकलेल्या बहिणीला दुसरं काय सुचणार? दुरुस्तीवाल्यानं तो पेटवला, वायू मोजायचं यंत्र धरलं आणि म्हणाला, "ठणठणीत आहे, ताई." दादा गेला त्या दुपारी मी घरी पोचले तेव्हा न्हाणीघराचा वरचा झरोकाही उघडा दिसला होता. माझंही डोकं चालेना.

म्हणून मी म्हटलं, वहिनी जायच्या आधी एकदा चौघं बसू. अंदाज नको, दोष नको. माझी शंकाही बाजूला. त्या सकाळी ज्यानं जे पाहिलं, जे केलं, तेवढंच सांगायचं.

"आणि अध्यक्ष कोण? तू?" बाबा म्हणाले.

"कुणीच नाही."

"बसा हो," आई म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हीच होतात की."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. वहिनीनं सुरुवात केली. "ते उठले. खोकत होते. म्हणाले, चहा टाक, आलोच."

"रागात होता?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी रागात होते."

इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदाच. बाबा उत्तरावर काहीतरी बोलणार होते, पण थांबले.

"तुमचं सांगा," मी म्हटलं.

"त्यानं ठरवूनच..." त्यांनी जीभ आवरली. मग सावकाश सांगू लागले. "हाका मारल्या. ओ नाही. खांद्यानं दार तोडलं. तो खाली पडलेला. आत श्वास घेववेना. बादली पालथी घातली, वर चढलो, झरोक्यातला पुठ्ठा ओढून फेकला. मग त्याला बाहेर काढलं."

"कसला पुठ्ठा?"

"होता तिथं. झरोक्यात."

"मी बसवला होता," आई म्हणाली. "आदल्या संध्याकाळी. पोराला खोकला, आणि आंघोळ करताना अंगावर गार वारा यायचा."

मला कळलं. वहिनीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिलाही कळलं. तिनं पटकन आईच्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे, आई."

"काय राहू दे?" आई माझ्याकडे वळली. "सांग गं तू. पुठ्ठ्यानं काय होतं?"

"बास!" बाबा खुर्ची सरकवून उठले. "उठा सगळे. झाली सभा."

"खाली बसा," आई म्हणाली. बाबांशी ती अशी कधी बोलली नव्हती. बाबा बसले.

मी सांगितलं. ज्योतीला हवा लागते. बाहेरची हवा बंद झाली की ती नीट जळत नाही, आणि मग जो विषारी वायू होतो त्याला वासही नसतो.

"गीझर चांगला असला तरी?"

"तरी."

आईनं टेबलावरचा एक कण बोटानं उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग बाबा म्हणाले, "हे चार भिंतींच्या आत राहील. हिनं मायेनं केलं. लोक हिला जगू देणार नाहीत."

"आणि मला?" वहिनीनं विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. "लोक विसरतात."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. दाराशी जाऊन चपला शोधू लागली.

"जिन्यात यांनी कुणाकुणाला सांगितलंय?" तिनं वहिनीला विचारलं.

"सगळ्यांनाच."

"मग वरच्या मजल्यापासून सुरू करते."

"आई, आज नको. मी येते बरोबर. उद्या जाऊ."

"उद्या तुला घरातून घालवतायत."

वहिनी तिच्यामागे धावली. उघड्या दारातून आईला लागलेली धाप ऐकू येत होती. दर दोन-तीन पायऱ्यांना ती थांबत होती. बाबा मला म्हणाले, "अडव तिला." मी उठले नाही. वर कुणाच्या तरी दाराची घंटा वाजली.