केसभर सैल

मी ॲल्युमिनियमची कडी बोलतेय. घडले, बसले, निसटले आणि घरीही बसले, सगळं एका दिवसात! अजून कुणी उचललं तरी मला कापरं भरतं.

माझा जन्म माहेर-सासर जुळवायला झाला. दुर्बीण आईच्या माहेरची, स्टँड सासरचं. दोघांची मापं जुळेनात आणि मधे बसेल अशी कडी बाजारात मिळेना. मग आईने घरातल्या छोट्या लेथवर मला कातायला घेतलं. हो, मीही तिला आईच म्हणते. घडवलं तिनेच ना!

ही आई भारी काळजीवाहू. दुधाचा थेंब आधी मनगटावर, आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर, मगच लेकीला. लेकीचं नाव काहीही असो, घरात ती चिमणी. पलीकडच्या खोलीत ती लेथच्या घरघरीवर झोपायची. लेथ थांबलं की डोळे टक्क उघडे!

त्या दुपारी तेच झालं. आईने माप घ्यायला लेथ थांबवलं, तोच पलीकडून भोकाड.

"आले गं बाई, आले!"

कातून कातून मी तापले होते, फुगले होते. आईने तसंच मला मापाच्या व्हर्नियरमध्ये धरलं. "वा, अगदी नेमकी!" म्हणत तसंच स्टँडच्या भोकात ठोकून बसवलं आणि धावली. मी ओरडत होते, "अगं, निवू दे मला!" पण धातूचं कोण ऐकतं?

संध्याकाळी उजेडातच चंद्र दिसू लागला. तोवर मी गार झाले होते, आकसले होते. केसभरच. आईने दुर्बीण माझ्यावर चढवली आणि चिमणीला पाठीला बांधायचा पट्टा काढून दुर्बिणीला आणि स्टँडला बांधला.

बाबा हसले. "अगं, ही काय रांगत जाणार आहे का कुठे?"

"असू दे. मला तेवढंच बरं वाटतं."

रांगणारी भलतीच होती. चिमणी कधी स्टँडखाली जाऊन बसली, कुणाला कळलंच नाही. बाबांनी दुर्बीण वर वळवली आणि मी सुळकन निसटले. माझ्यासकट अख्खी दुर्बीण खाली!

पट्टा ताणला. आम्ही लोंबकळलो. चिमणीच्या टाळूवर जेमतेम वीतभर.

ती वर बघून खिदळली. आईने लेकीला ओढून छातीशी धरलं. बाबा पांढरेफटक.

ताणलेला पट्टा चाचपत ते म्हणाले, "असला अजून एक पट्टा आहे का गं?"

आता मी लेथशेजारच्या खिळ्यावर टांगलेली असते. आज माझी धाकटी बहीण कातून झाली. आईने तिला काढून फळीवर ठेवलं आणि लेथ रिकामंच चालू केलं. स्वतः शेजारी बसून राहिली. पलीकडे चिमणी गाढ झोपलेली.

तुम्हीही घाईत असाल, कुणीतरी रडत असेल. तरी माझ्यासारखीला जरा निवू द्या, एवढंच मागणं.

बघा, आईने बहिणीला उचललं. व्हर्नियर अजून बाजूलाच आहे. आधी तिने तिला मनगटाला लावलं.