चार शिपाई, चार स्टुलं

त्या दिवशीही सकाळी तिने युनिफॉर्मला इस्त्री केली. नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी शिपायाची नोकरी लागली, तेव्हापासून हा तिचा नेम होता. खरं तर इस्त्रीची काहीच गरज नव्हती. ऑफिसात मस्टरवर सही करायची, मागच्या फाटकाने साहेबांच्या बंगल्यावर जायचं, युनिफॉर्म खुंटीला अडकवून जुने कपडे चढवायचे आणि मोरीत भांड्यांपुढे बसायचं. पण सासूबाई नातीला कौतुकाने सांगायच्या, "बघ, तुझी आई सरकारी माणूस आहे!" त्या शब्दाला सुरकुती पडू नये, एवढ्यासाठी ती इस्त्री फिरवायची.

बंगल्याचा हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने चहाची बशी फुंकत तो सांगून टाकला होता.

"वहिनी, लिहिलेलं कुठे नाही, पण इथे असंच चालतं. वर्षभर बंगल्यावर साहेबांना खूश ठेवा, की झालात कायम. तुमचे मालक तरी वेगळं काय करत होते?"

ती चमकली होती. नवरा जेवताना सांगायचा की माझ्यावाचून ऑफिसात पान हलत नाही. घरी साधा टॉवेल वाळत न घालणारा हा गडी साहेबांच्या घरी काय करायचा, ते तिला पुढे बाईसाहेबांकडून कळलं. "तुमच्या मिस्टरांसारखी कॉलरची इस्त्री कुणाला जमत नाही हो. आमच्या सासऱ्यांना आंघोळही तेच घालायचे," त्या म्हणाल्या. आपण कौतुकच केलं, असं त्यांना वाटलं. तिला आधी नवऱ्याचा राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग आला, पण तो आता नवऱ्याचा नव्हता. पगार जनतेच्या पैशातला, भांडी साहेबांची, आणि उपकार कुणाचे? तेही साहेबांचेच!

तरी ती गप्प राहिली होती. नोकरी गेली तर खोलीचं भाडं, पोरीची शाळा, सगळंच गेलं असतं.

त्या दिवशी मात्र बाईसाहेब बाळाला खांद्यावर थोपटत मोरीच्या दाराशी आल्या.

"तुमची मुलगी सातवीत ना? सुट्टीत नुसती उंडारत असेल. पाठवा तिला इकडे, बाळाला खेळवील. आतापासून रुळली, तर पुढे तिचंही बघतील साहेब."

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आधी बाप, मग आई, आता पोर. एका घराला किती पिढ्या खरकटी काढायला लावणार होते हे लोक? "विचारून सांगते," एवढंच ती बोलली.

घरी मुलीला सगळे 'वकील' म्हणत, कारण 'का' विचारल्याशिवाय तिला घास उतरत नसे. संध्याकाळी जेवताना तिने आईचा हात हुंगला. "आई, ऑफिसात काम करून हाताला भांड्यांच्या साबणाचा वास का येतो गं?"

आईने सासूबाईंकडे पाहिलं आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं, त्यांच्या मुलाच्या तिथल्या इस्त्री-आंघोळीच्या कामांसकट. म्हातारी कोसळेल, असं तिला वाटलं होतं.

"मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याही हाताला यायचा हाच वास. पगार येतोय ना, म्हणून गप्प बसले मी. तो मेला तरी गप्पच. तू नको बसूस. पोरीला तिथे पाठवलंस, तर या घरात मी घास गिळणार नाही."

"आणि नोकरी गेली तर?"

"तर मी भांडी घासीन चार घरी. पण उजळ माथ्याने, भांडीवाली म्हणून!"

दुसऱ्या दिवशी तिने सही केली आणि मागच्या फाटकाकडे न वळता ती साहेबांच्या दाराशी गेली. मस्टरवर शिपाई चार, पण दाराशी स्टूल एकच, आणि त्यावर मामा बसलेले. मामा ऑफिसातले सर्वांत जुने शिपाई. गुडघे गेल्यामुळे बंगल्याच्या कामाचे राहिले नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला हे स्टूल आलेलं. ती भिंतीशी उभी राहिली.

"वहिनी, बंगला विसरलात का?" हेडक्लार्क धावत आला.

"माझी नेमणूक ऑफिसात आहे."

"बसायला तरी जागा आहे का इथे? दिवसभर उभ्या राहणार?"

"राहीन."

मामा ऐकत होते. ते भिंतीला धरून उठले, लंगडत रेकॉर्डरूममध्ये गेले आणि आतून खडखडाट सुरू झाला. एकेक करून त्यांनी तीन स्टुलं ओढत आणली. कोऱ्या लाकडाची, कुणी कधी बसलंच नव्हतं, नुसती धूळ बसली होती. ती पुसून त्यांनी आपल्या स्टुलाशेजारी ओळीने मांडली.

"बस पोरी. सरकारने चौघांसाठी घेतली होती ही. मला जन्मात बोलायचं धाडस झालं नाही."

ती बसली. दोन स्टुलं रिकामी राहिली. समोर दाखल्यांसाठी लोकांची रांग लागली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने काठी टेकत विचारलं, "या जागा कुणाच्या?"

"दोन शिपायांच्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एक साहेबांच्या बागेला पाणी घालतोय, दुसरा त्यांची गाडी धुतोय. आजोबा, पाय दुखत असतील तर ते येईपर्यंत बसा."

आजोबा बसले, शेजारच्या स्टुलावर एक म्हातारीही टेकली. रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्याने हसलं. आतली बेल कडाडली, आणि ती उठून आत गेली.

"हा काय तमाशा आहे? उचला ती स्टुलं," साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुमचं कायम व्हायचंय अजून. लक्षात आहे ना?"

तिने युनिफॉर्म सरळ केला.

"लक्षात आहे, साहेब. म्हणूनच ऑफिसात आलेय. आणि स्टुलं उचलून चालणार नाही, त्यांच्यावर लोक बसलेत. काही ऑफिसचं काम असेल तर सांगा."

साहेबांना एकही काम आठवेना. दार उघडं ठेवून ती बाहेर आली आणि आपल्या जागेवर बसली.