गार वाऱ्याची जाळी

आजही सकाळपासून घर तापवणारी तळघरातली भट्टी पेटत होती आणि विझत होती. तीन मिनिटं घरघर, मग खट्ट, मग पाच मिनिटं गप्प. बाहेर उणे चौतीस. पारास्का बीट सोलत बसली होती आणि प्रत्येक खट्टला सुनेकडं अशी बघत होती, जणू तीच खाली जाऊन बटण दाबून येते.

"सगळं करून बघितलं म्हणतेस ना?"

"सगळं, आई." लेस्याच्या कडेवर आठ महिन्यांची दारका होती, नाक गळत होतं. "फिल्टर नवा घातला. थर्मोस्टॅटचे सेल बदलले. आत ज्योत ओळखणारी दांडी असते, ती तारेच्या घासणीनं घासली. बाहेर जाऊन धुराच्या पाइपावरचा बर्फ फोडला. आता तो पेटारा तेवढा हलवायचा राहिलाय."

पेटारा बैठकीच्या खोलीत, भिंतीतल्या मोठ्या जाळीला लावून ठेवलेला होता. नोव्हेंबरात माडीवर पाळण्याला जागा हवी झाली, तेव्हा तो खाली आला आणि पारास्कानं तो नेमका तिथंच ठेवला.

"माझ्या आईनं समुद्रापलीकडून, जुन्या देशातून आणलाय तो. तुमच्या पाळण्यापायी माडीवरून हाकलला, तेवढा अपमान त्याला पुरे. आणि जाळीतून गार वारा येतो. तुझ्याच पोरीसाठी बुजवलीय मी."

"येत नाही, आई. घरातली हवा तिथून आत जाते, भट्टीत तापते आणि मग खोल्यांत येते. पेटारा तिथं ठेवला तेव्हापासूनच तर हे सुरू झालंय."

"चाळीस वर्षं माझे घोटे त्या जाळीपाशी गारठलेत. तू आलीस परवा."

लेस्यानं वाद घातला नाही. तेच पारास्काला झोंबलं. भांडणारी सून असती तर निदान घरात ऊब तरी राहिली असती.

"वॉल्टर येतोय भट्टी बघायला," लेस्या म्हणाली. "त्यानंही काही झालं नाही, तर मी दारकाला घेऊन डॉफिनला माझ्या आईकडं जाते. पोरीचा खोकला वाढतोय."

"जा की. मी काय दाराला कडी लावलीय?"

बोलायला बोलली, पण सुरी बिटावर थांबली. अख्ख्या घरात तिला बघून हसणारं माणूस म्हणजे ती दारका एवढीच.

वॉल्टर झुक आला तेव्हा लेस्या माडीवर सामान भरत होती. त्यानं तळघरात भट्टीवर हात ठेवला आणि लगेच काढला. "हिला ताप चढलाय, मावशी. हवा पुरत नाही. जळून जाऊ नये म्हणून आपणच विझते, निवली की परत पेटते." वर येऊन त्यानं खोलीभर नजर फिरवली. "पेटाऱ्यामागं काय आहे?"

"भिंत."

त्यानं पेटारा ओढला. खिशातून कागदी रुमाल काढून जाळीपाशी धरला आणि सोडून दिला. रुमाल खाली पडला नाही. जाळीला चिकटून बसला. वारा बाहेर येत नव्हता, आत जात होता. घोट्यांना लागायचा तो खोलीतलाच, जाळीकडं निघालेला.

भट्टी पेटली. पारास्का घड्याळाकडं बघत राहिली. तीन मिनिटं झाली. सात. बारा. खट्ट झालं नाही.

"लेस्याला सांग, एक भाग बदलला," ती हळूच म्हणाली.

"कुठला?"

"भट्टीत भागांना काय तोटा?"

"मावशी, मी कामाचा माणूस आहे. काय झालं ते मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

तेवढ्यात लेस्या बॅग आणि गुंडाळलेली पोर घेऊन उतरली. तिनं ओढलेला पेटारा बघितला, रुमाल बघितला आणि बॅग खाली ठेवली.

"काय होतं, आई?"

वॉल्टरला विचारलं नाही, सासूला विचारलं. आवाजात टोमणा असता तर पारास्काला उत्तर सुचलं असतं. टोमणा नव्हता.

"माफी नको मला," लेस्या म्हणाली. "नुसतं 'पेटारा होता' म्हणा. मी बॅग वर नेते."

वॉल्टर अवजारांच्या पेटीत वाकून काहीतरी शोधू लागला.

"माडीवर गरम हवा येते त्या जाळ्यांवर तू दुपटी वाळत टाकतेस," पारास्का म्हणाली. "त्यानं कोंडली होती भट्टी."

लेस्यानं मान हलवली, जणू बाजारात भाव ऐकला. पोरीची टोपी कानांवर ओढली. दारकानं रोजच्यासारखे आजीकडं दोन्ही हात पसरले.

"बिटाचे हात आहेत माझे," पारास्का म्हणाली आणि हात पदराआड नेल्यासारखे ॲप्रनखाली घातले.

संध्याकाळी खाणीवरून मुलाचा, ओरेस्टचा फोन आला. "घर तापलं म्हणे. मग लेस्या का गेली?"

"तिला निमित्त हवं होतं."

"तू काय बोललीस तिला?"

"मी कशाला बोलू? मी बीट सोलत होते."

मग तो म्हणाला, "सुट्टी लागली की मी थेट डॉफिनला उतरतो."

"आणि इकडं?"

"बघू, आई."

"बघू म्हणजे? तुझ्या बापानं बांधलेलं घर आहे हे."

"माझी शिफ्ट सुरू होतेय. ठेवतो."

फोन बंद झाला.

"माझं बोलणं झालं नाही अजून," पारास्का म्हणाली, आणि फोन कानालाच धरून बसली.